शोलावरमचा चषक

मिरज,
८ जानेवारी २०२५

ती. कृष्णकांतदादास,
विद्युलताचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय तू ठेवली नाहीस. मागच्या खेपेला मी तुझ्या गुडघ्याबद्दल विचारलं आणि तू मला कोथिंबिरीचे भाव सांगितलेस. तरुणपणी इंजिनांशेजारी उभं राहून कान घालवलेस, आणि आता कानातलं यंत्र फोनजवळ आलं की शिट्टी मारतं. म्हणून हे पत्र.

काम नाजूक आहे. माझी नात देविका गेल्या वर्षी नोकरीसाठी तुमच्या चेन्नईला आली, गिंडीत मैत्रिणींबरोबर राहते आणि मोटारींच्या कंपनीत ब्रेक तपासते. ब्रेक तपासणारी मुलगी सावध असणार, अशी माझी भाबडी समजूत होती. परवा तिच्या बापाने मला तिचा फोटो दाखवला. श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला रेसचा ट्रॅक आहे म्हणे, दर रविवारी तिथे जाते. अंगात नारिंगी डगला, मागे चेपलेली मोटार आणि तोंडावर असं हसू, की मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. ते हसू मी आधी पाहिलंय. शोलावरमला तुझी फियाट कलंडली आणि तू खिडकीतून बाहेर आलास, तेव्हा तुझ्या तोंडावर हेच होतं. इकडे आईला भोवळ आली होती आणि तू विचारत होतास, की कलंडलो तेव्हा मी कितवा होतो!

तिचे आईबाप म्हणतात, मुलगी कमावती आहे, काय सांगणार. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याने सांगावं. वडीलधारा म्हणून आता तूच उरला आहेस, त्याला माझा इलाज नाही. तिला घरी बोलाव, वहिनींच्या हातचं खायला घाल आणि त्या कलंडण्याची हकिकत अशी सांग की तिला घाम फुटला पाहिजे. फक्त रंगवून सांगू नकोस. तू रंगवायला लागलास की ऐकणाऱ्याला ते स्वतः करून बघावंसं वाटतं.

माझ्यावर लोभ आहेच, थोडा माझ्या म्हणण्यावरही असू दे.

तुझी,
विद्यु


नुंगंबाक्कम, चेन्नई,
२० जानेवारी २०२५

चि. विद्युस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आज्ञा पाळली. देविका काल आली. विजयाने केलेलं पोंगल तिने दोनदा मागून घेतलं, आणि मी कलंडण्याची हकिकत अजिबात न रंगवता सांगितली. तिने विचारलं, गाडीच्या आत लोखंडी पिंजरा होता का. मी म्हणालो, आत फक्त मी होतो. तिने विचारलं, पट्टा? नव्हता. हेल्मेट? होतं, पण ते कारखान्यातला माझा सोबती वादिराज, त्याचं, स्कूटरचं, आणि मला सैल व्हायचं. मग तिने माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं, की घाम मलाच फुटला.

आता तुझ्या जिवाला स्वस्थता. ती गाडी पळवत नाही. शर्यतीआधी गाड्या तपासणारी जी मंडळी असतात त्यांत ती आहे. चेपलेली मोटार दुसऱ्याच कुणाची, डगला तपासनिसांचा आणि हसू मात्र आपल्या घरचं. मी तरी काय सांगणार तिला? आमच्या वेळचा स्टॉक क्लास तिला समजावून दिला. कंपनीतून निघाली तशीच गाडी, आत काही फेरफार नाही, म्हणजे जिंकतो तो माणूस, यंत्र नव्हे. आता संगणक लावतात, टायर ऊबदार पांघरुणात ठेवतात. शोलावरमला काय होतं? लढाईच्या काळातली विमानाची धावपट्टी, वळणावर वाळू भरलेली पिंपं आणि गवताच्या गठड्या, आणि उन्हात डोक्यावर रुमाल टाकून उभे हजारो लोक. गाडी घरून चालवत न्यायची, शर्यत करायची, आणि शाबूत राहिली तर तीच घेऊन सोमवारी कामावर जायचं. इथल्या आवडी नावाच्या गावच्या कारखान्यात मी नावडीची नोकरी एवढी वर्षं केली ती दर वर्षीच्या त्या फेब्रुवारीतल्या शर्यतीच्या जोरावर.

कलंडलो त्याच्या पुढच्या वर्षी, त्र्याहत्तर साली, स्टॉक क्लास मी जिंकला हे तुला माहीतच आहे. विजयाचा भाऊ राणोजी दुसरा आला, एका बोनेटने मागे. तेव्हापासून चषक आमच्या दिवाणखान्यात आहे आणि राणोजी घरी आला की मी त्याला बरोब्बर चषकासमोरच्या खुर्चीत बसवतो.

जाता जाता एक. देविकाच्याच ट्रॅकवर सोळा फेब्रुवारीला जुन्या गाड्यांची शर्यत आहे, जुन्याच नियमांनी. फियाट अजून आहे. वादिराजने तिला तेलपाणी करून तयार ठेवलीय. तेव्हाही गाडी तोच बघायचा. मी नाव दिलं आहे. काळजीचं कारण नाही, डॉक्टरने डोळे तपासले. कान तपासले नाहीत, कारण तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही.

आशीर्वाद आहेतच, रागावलीस तरी ते परत घेतले जाणार नाहीत.

तुझा,
दादा


मिरज,
२८ जानेवारी २०२५

चि. देविकास,
अनेक आशीर्वाद.

मी तुला आवरायला तुझ्या मामाआजोबांना सांगितलं होतं. आता उलटी विनंती करायची पाळी आली आहे. ऐंशीला टेकलेला माणूस मोटार पळवणार आणि मी इथे देवापाशी दिवा लावून बसणार, हे मला झेपणारं नाही. माझं ते ऐकणार नाहीत. लहान बहिणीचं ऐकायचं नाही हे त्यांचं बालपणापासूनचं व्रत आहे. वहिनी म्हणतात, गाडी आपसूक बंद पडेल. तेवढ्या भरवशावर मी राहू शकत नाही.

तू गाड्या तपासतेस ना? मग नीट तपास. एवढंच म्हणते. खोटं काही करायला मी सांगत नाही.

तुझ्या हसण्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेते. जेवत जा, आणि आजीची माया विसरू नकोस.

तुझी,
आजी


गिंडी, चेन्नई,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
देविकाचा शि. सा. न. वि. वि.

शाळेनंतर मराठीत पत्र पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाल. तू सांगितलंस तसं मी नीट तपासलं. आता वाटतं, जरा कमी नीट तपासलं असतं तर बरं झालं असतं.

मामाआजोबा सकाळी फियाट घेऊन आले. पांढरी पॅन्ट, बुटांना पॉलिश. माझ्या रांगेत उभे राहिले, ओळख दाखवली नाही. ब्रेक उत्तम, स्टिअरिंग उत्तम. मग इंजिनाचे प्लग काढून आत माप घातलं. सिलिंडर किती रुंद आहे, म्हणजे इंजिनात जोर किती, ते कळतं त्यावरून. मी परत घातलं, मग तिसऱ्यांदा. आजी, झीज झाली की थोडं बोअर मारतात, म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करतात, ते नियमात बसतं. हे त्याच्या कितीतरी पलीकडचं होतं. ते फियाटचं इंजिन राहिलंच नव्हतं.

मी सांगितल्यावर मामाआजोबा हसले. म्हणाले, तुझं माप चुकतंय, ही तीच गाडी आहे, तेच इंजिन, जिने त्र्याहत्तर साली स्टॉक क्लास जिंकला. तेव्हा मागे उभे असलेले वादिराजआजोबा खाली बघायला लागले. मग त्यांनीच सांगितलं. ते बोअर त्याच शर्यतीच्या आधी मारलेलं. मामाआजोबांना सांगितलं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही, चषक घेताना माइकवर त्यांनीच सांगून टाकलं असतं. आणि त्यात वाईट काय, असंही म्हणाले. त्या वेळी सगळ्यांचंच तसं होतं. सगळेच सारखे खोटे, म्हणजे शर्यत खरीच झाली की.

मामाआजोबा ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, ते माप मला दाखव. दाखवलं. मग म्हणाले, बाद लिही. मी लिहीत असताना माझा हात थांबला, तर स्वतःचं आडनाव त्यांनीच मला हळू सांगितलं, जणू मला ते माहीत नाही.

आमचे वरिष्ठ नंतर म्हणाले की म्हाताऱ्यांची गंमत आहे, सोडायला हवी होती. पण आपल्या माणसाची गाडी सोडली असती तर पुढच्या रविवारी मी कुणाची कोणत्या तोंडाने अडवणार होते? वादिराजआजोबांना मामाआजोबांनी गाडीत घेतलं नाही. एकटेच फियाट घेऊन घरी गेले, रस्त्याच्या अगदी कडेने. मी स्कूटरवर मागे होते. रिक्षा त्यांना ओलांडून जात होत्या.

तुझी इच्छा पुरी झाली, ते रेसमध्ये उतरले नाहीत. तू मला शाबासकी देऊ नकोस, नुसती आठवण काढ.

तुझी,
देविका


मिरज,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
विद्युलताचा कृ. सा. न. वि. वि.

सगळं कळलं. वहिनींचं पत्र आलं, की तुला रात्री झोप नाही, वादिराज आला तर तू दार उघडत नाहीस, आणि चषकावर टॉवेल टाकला आहेस. दादा, अरे पक्ष्याच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा?

इंजिन वादिराजचं असेल, पण वळणं तू घेतली होतीस. मी पाहिली आहेत. हे तुला पटणार नाही, कारण मी म्हणतेय. तर दुसरं सुचवते. फसवणुकीने आलेली वस्तू घरात नको वाटत असेल तर दुसरा आला त्याला देऊन टाक. राणोजींना इतकी वर्षं त्या खुर्चीत बसवलंस, आता चषक त्यांच्या मांडीवर ठेव. तुझी झोप परत येईल आणि वहिनींना टॉवेल.

वादिराजशी बोल. या वयात अबोला धरायला माणसं उरली आहेत कुठे?

रुसवा दुसऱ्या कुणावर काढ, माझ्यावर मायाच असू दे.

तुझी,
विद्यु


नुंगंबाक्कम, चेन्नई,
१२ मार्च २०२५

चि. विद्युस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहान बहिणीचं ऐकलं, याची नोंद घे. वादिराजला घेऊन मैलापूरला राणोजीकडे गेलो. चषक पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. राणोजी खोकला लागेपर्यंत हसला. मग त्याच्या तंजावरी मराठीत, अर्ध्या तमिळमध्ये, म्हणाला, की त्याचं इंजिन माझ्याहून मोठं होतं, आणि वजन कमी व्हावं म्हणून मागच्या सीटमधला काथ्यासुद्धा काढलेला होता. एवढं करून तो हरला, म्हणजे मी खरोखर बरा चालवत असे, आणि हे कबूल करायची वेळ त्याच्यावर आणल्याबद्दल तो मला क्षमा करणार नाही. चषक घेऊन चालता हो म्हणाला.

मग आम्ही तिघं बसलो आणि त्या दिवशीच्या गाड्या आठवू लागलो. तिसऱ्याचा कार्बोरेटर दुसऱ्याच गाडीचा. चौथ्याचे दरवाजे आतून पोकळ. वादिराजला सगळ्यांचं सगळं ठाऊक, कारण निम्मी कामं त्यानेच केलेली. शेवटी एकच गाडी उरली जिच्यात कुणीही काही केलेलं नव्हतं. अलमेलूची.

तुला ती आठवणार नाही. कीळपाकच्या एका डॉक्टरांची मुलगी. वडिलांची फियाट, माझ्याच सालातली, त्यांना न सांगता आणायची. चाकांच्या टोप्या उडू नयेत म्हणून काढून ठेवायची, शर्यत करायची आणि टोप्या परत बसवून घरी जायची. त्या दिवशी ती शेवटची आली. ती पोहोचली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, कशा वाजवल्या असतील ते तू समज.

देविकाने तिचा पत्ता काढला. अजून कीळपाकलाच आहे. आम्ही तिघं म्हातारे कापडी पिशवीत चषक घेऊन गेलो. गाडी देविकाने चालवली, कारण तिचा आमच्यापैकी कुणावरही विश्वास नाही. मी तमिळमध्ये छोटं भाषण तयार केलं होतं. ती नको नको म्हणेल, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात म्हणेल, असं गृहीत धरून आग्रहाचं दुसरं भाषणही तयार होतं. ते वाया गेलं.

तिने चषक घेतला. पदराने पुसला, त्यावरचं माझं नाव वाचलं आणि म्हणाली, उशीर केलात. तिला तेव्हाच समजलं होतं. तीच गाडी, तेच साल, आणि सरळ पट्टीवर मी तिच्या बाजूने असा निघून गेलो की जणू ती थांबलेली आहे. शर्यत झाल्यावर ती पंचांकडे गेली, गाड्या उघडून पाहा म्हणाली. तिथे शर्यतीतली बरीच मुलं उभी होती, ती हसली. पंचांनी तिला प्रेमाने सांगितलं, की काळोख व्हायच्या आत घरी जावं, वडील वाट बघत असतील. ती गेली आणि पुन्हा कधी आली नाही. त्या हसणाऱ्या मुलांत मी होतो का, हे मला आठवत नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही. राणोजीही खिडकीबाहेर बघत होता.

मग मला बाद कुणी केलं ते तिने विचारलं. देविकाकडे बोट दाखवल्यावर तिला जवळ बसवून घेतलं, नारिंगी डगला केव्हा मिळतो, तपासायचं कसं, कुणी दमदाटी करतं का, सगळं विचारलं. कॉफी देविकाला आधी आली. आम्हाला आली, पण बरीच नंतर.

निघताना तिने आतून स्वयंपाकाच्या बाईला बोलावलं. हातात चषक होता. आमची ओळख करून देत म्हणाली, हे सगळे माझ्याबरोबर शर्यतीत होते, मी पहिली आले. मग वळून आमच्याकडे पाहत राहिली. तुला माहीत आहे, मला एरवी निम्मंच ऐकू येतं. तिचं हे वाक्य स्पष्ट ऐकू आलं. आम्ही तिघांनी मान डोलावली.

विजया बरी आहे. तू जपून राहा, आणि या भावाबद्दल जे काही वाटत असेल ते वाटत राहो.

तुझा,
दादा