बिनखिळ्याची चित्रं

प्रिय ठकू,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. मी बरा आहे, पडलो-बिडलो नाही, गॅस बंद करायला विसरत नाही आणि मावशी रोज कामाला येतात. आता निवांत बस. काम करता करता, एका हाताने खात खात वाचू नकोस. आणि मधलं गाळू नकोस. लहानपणी तू धडा सोडून थेट खालच्या प्रश्नांवर उडी मारायचीस, ते मी विसरलेलो नाही.

गेले काही महिने मला तुझा संशय येत होता. बाप लेकीला असं लिहितो का, असं म्हणशील. पण येत होता. दर फोनला तुझं एकच पालुपद, ‘बाबा, माझ्याकडे राहायला या, मागची खोली रिकामीच आहे.’ आणि माझं एकच उत्तर, ‘बघू.’ सरकारी नकाशा-कार्यालयात सगळी नोकरी काढलेल्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय, हे तुला चांगलं ठाऊक आहे. हे घर मी सोडणार नाही, हे तुलाही कळत होतं. म्हणून तू काहीतरी डाव टाकला असणार, असं माझ्या मनाने घेतलं. त्या संशयाची सुरुवात तुझ्या त्या भिंतीवरून झाली.

आई गेल्यावर तू मला ती चित्रांची पाटी आणून दिलीस. तुम्ही तिला टॅबलेट म्हणता, मी पाटीच म्हणतो. काचेवर लेखणी टेकवली की मला शाळेतला दगडी पाटीचा वास येतो, आता काचेला कसला वास, पण येतो. तू दिवसभर कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी राक्षस आणि किल्ले काढतेस, तुझ्यासारख्याच मंडळींची इंटरनेटवरची ती ‘रविवारची भिंत’, आणि तिथे तू मला नेऊन बसवलंस. भिंतीचा नियम मला पहिल्याच दिवशी आवडला. दर रविवारी प्रत्येकाने आपलं चित्र टांगायचं, आणि बघणाऱ्याने त्याला एक फूल द्यायचं आणि एक खिळा मारायचा. फूल म्हणजे काय जमलं ते, खिळा म्हणजे काय सुधारायला हवं ते. खिळा मारल्याशिवाय चित्र भिंतीवर राहील कसं, असं त्यांचा मुकादम म्हणतो. खरं नाव कोणाचंच कोणाला ठाऊक नाही. मुकादम, शाईचोर, ढगवाला, कात्री. मी आपला आजोबा.

काय सुंदर खिळे मारायचे गं ते मला. माझी झाडं बघून शाईचोर म्हणाला, ‘आजोबा, ही सगळी एकाच शाळेतली वाटतात, गणवेश घालून रांगेत उभी.’ मी नळावरची बाई काढली, तर कात्रीने लिहिलं, ‘हिचा हात खांद्यातून आलेला नाही, मागच्या कपाटातून आलाय.’ मी एकटाच खो खो हसलो. मग तो हात पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. आम्हाला भाषेला एक मास्तर होते. कविता म्हणताना एक मात्रा घसरली की ते नुसतं बोट वर करायचे, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा. तेव्हा रडू यायचं. पण त्या कविता आजही दात घासताना आपोआप ओठांवर येतात, आणि ज्या मास्तरांनी नुसतं ‘छान, छान, बस खाली’ म्हटलं त्यांच्या तासाची एक ओळ आठवत नाही. माझ्या चुकीपाशी कोणीतरी थांबतंय, याचं सुख मला या वयात पुन्हा मिळालं होतं. रविवार आला की मी अंघोळ करून पाटीसमोर बसायचो.

आणि एक दिवस खिळे बंद झाले.

आधी मला वाटलं, जमलं आपल्याला. एक आठवडा मी भलताच ताठ चालत होतो. पुढच्या रविवारीही फुलंच. ‘वा आजोबा.’ ‘रंग किती शांत आहेत.’ ‘ही मोकळी जागा फार बोलते.’ कसली मोकळी जागा, मला कळेना. शेजारी ढगवाल्याचं चित्र टांगलेलं, त्याला बिचाऱ्याला चहूबाजूंनी ठोकून काढलेलं, आणि माझ्यावर नुसता फुलांचा पाऊस. एवढी फुलं माणसावर कधी पडतात, ते मला माहीत आहे.

त्यातच तू येऊन चार दिवस राहून गेलीस. तुझं वागणं मी बघत होतो, बरं का. जेवताना तू माझं ताट फिरवलंस. मी म्हटलं, हे काय, तर म्हणालीस, ‘काही नाही बाबा, भाजी राहिली होती.’ रस्त्यावर सारखी माझ्या डाव्या हाताला चिकटून चालत होतीस, मी मोठ्या मुश्किलीने उजवीकडे घेतलं तरी पुन्हा डावीकडे. आणि गॅलरीत फोनवर दबक्या आवाजात, ‘नाही, त्यांना अजून सांगितलेलं नाही.’ झालं. माझी खात्रीच पटली की मला काहीतरी मोठा आजार झालाय, तो सगळ्यांना माहीत आहे, आणि भिंतीवरच्या मंडळींनाही तू सांगून ठेवलंयस की म्हाताऱ्याचे शेवटचे दिवस आहेत, सांभाळून घ्या.

खरं सांगतो, दोन दिवस मी फार उदात्त वागलो. खिडकीत बसून जुन्या कविता म्हणत होतो. कोपऱ्यावरच्या शिंपीदादांनी माझी विजार आखूड केली होती, त्यांना मनातल्या मनात क्षमा केली. मावशींना आईच्या दोन साड्या दिल्या. पण तिसऱ्या दिवशी सडकून भूक लागली, जिना चढून आलो तरी धाप लागली नाही, आणि मरणावरचा विश्वास उडाला. मग दुसरा संशय. आजार-बिजार काही नाही, हा मला घरातून हलवायचा बेत आहे. घरातल्या वस्तूही सारख्या गायब होऊ लागल्या होत्या. चष्म्याचं घर जागेवर नसायचं. चहाचा कप ठेवलाय म्हणावा तिथे नसायचा. दारं अरुंद झाल्यासारखी डाव्या खांद्याला लागायची. मावशींना तू फितवलंयस आणि त्या वस्तू हलवून मला वेडा ठरवताहेत, इथपर्यंत माझी मजल गेली. त्यांना तसं बोललोही. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘काका, कप तुमच्या हाताशीच आहे. मी काय जादूचे खेळ करायला येते का इथे?’ आणि कप खरंच तिथे होता. मी म्हटलं, आत्ता ठेवलात. त्या दिवशी त्यांनी भांडी जरा जास्तच आपटली.

मग मी भिंतीला सापळा लावला. स्वयंपाकघर काढलं. टेबल, त्यावर दिवा आणि बरणी, पलीकडे खिडकी आणि खिडकीशी आईची खुर्ची. ती खुर्ची काढायचं माझ्याच्याने इतके दिवस झालं नव्हतं. आणि मुद्दाम एक ढळढळीत चूक केली. बरणीची सावली दिव्याच्याच दिशेने पाडली. पहिलीतलं पोरही बोट ठेवेल अशी. रविवारी चित्र टांगलं आणि दबा धरून बसलो. ‘सुंदर, आजोबा.’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ आणि शाईचोर, तो शाईचोर गं, लिहितो, ‘सावली काय गोड पडली आहे.’ मी रागाने पाटी उशीखाली कोंबली. खुर्चीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. म्हटलं, निदान एवढी तरी लाज आहे.

संध्याकाळी कात्रीचा निरोप आला. भिंतीवर नाही, मला एकट्याला. ‘सावली तुम्ही मुद्दाम चुकवलीत, हे कळलं मला. आमच्यावर पाळत ठेवताय ना? ठेवा. पण आता एक करा. चित्र उलटवा आणि बघा.’

उलटवणं तूच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंस. एक खूण दाबायची, की चित्र आरशातल्यासारखं डावीचं उजवीकडे होतं, आणि सरावलेल्या नजरेला न दिसलेल्या चुका दिसतात. तुम्ही सगळे दर थोड्या वेळाने उलटवता. मी कधीच उलटवलं नाही. नकाशा उलटवला की नदी डोंगर चढते. आमच्याकडे तसं करणाऱ्याला साहेबांनी उभं केलं नसतं. ती अढी माझ्या मनातून गेली नव्हती. पण कात्रीचा निरोप वाचून उलटवलं.

ठकू, खुर्ची नव्हती. खिडकी नव्हती. टेबल सुरीने कापल्यासारखं मध्येच संपलं होतं आणि पुढे नुसता पांढरा पडदा. मी खुर्ची काढली आहे असं धरूनच चाललो होतो. तिच्या पाठीवरची वेताची वीण मला आठवत होती. हाताला आठवत होती. आणि तिथे एक रेघसुद्धा नव्हती. मग मी मागची सगळी चित्रं एकेक करून उलटवली. प्रत्येकात तो पांढरा पट्टा, अलीकडे अलीकडे रुंद होत गेलेला. ‘ही मोकळी जागा फार बोलते.’ बोलत होती खरी.

कात्रीने मग सगळं सांगितलं. चित्रांतला तो पट्टा सगळ्यांच्या आधी तुला दिसला होता, आणि तूच सर्वांना विनवलं होतंस की बाबांना सध्या खिळे मारू नका, मी स्वतः जाऊन सांगणार आहे. तिने लिहिलं, ‘मला ते पटलं नव्हतं, तरी गप्प बसले. आता नाही बसवलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा.’ मी नाही रागावलो. तिला एक फूल पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. एकटा नाही, शिंपीदादांना बरोबर घेतलं, आणि त्यांना मुद्दाम डावीकडून चालायला सांगितलं. डॉक्टरने मला कागद दिला आणि म्हणाला, ‘आजोबा, एक घड्याळ काढा.’ मला, घड्याळ! मी झोकात काढलं, काट्यांना छटाही दिली. त्याने कागद माझ्या उजव्या हाताकडे सरकवून विचारलं, ‘सातपासून अकरापर्यंतचे आकडे कुठे गेले?’ डोळे उत्तम आहेत म्हणे. मेंदूत केव्हातरी एक बारीकशी गुठळी अडकून गेली, मला पत्ताही लागला नाही, आणि तेव्हापासून मेंदू डाव्या बाजूची दखल घ्यायला विसरतो. गोळ्या दिल्यात, रोजचे सराव दिलेत. थोडं सुधारेल, सगळं नाही. रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही. मरायचं मात्र इतक्यात कारण नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. घरी येऊन मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं, मला वाटलं तुम्हाला भूतबाधाच झाली.’

तू सांगितलं का नाहीस, याचा मी बरेच दिवस विचार केला. आई गेल्यावर मी पहिल्यांदाच कशाची तरी वाट बघू लागलो होतो, ते तू पाहिलंस. ते हिसकावून घ्यायला तुझा जीव झाला नसेल. सांगायला म्हणून आलीस, आणि न सांगता माझं ताट फिरवून गेलीस. मला कळतं ते. पण मला फसवून ठेवलेलं सुख पचत नाही. माझं अर्धं जग जाणार असेल तर ते गेलं, असं मला कोणीतरी तोंडावर सांगायला हवं. नाहीतर मी बिचाऱ्या मावशींवर वस्तू हलवल्याचा आळ घेत बसणार. फोनवर हे सगळं झालं नसतं. तू रडली असतीस आणि मी ‘बघू’ म्हणालो असतो.

म्हणून हे पत्र. आणि ते हातानेच लिहिण्याचं कारण आता सांगतो. डॉक्टर म्हणाला की लिहितानाही माझा समास सरकत असणार. मी कोरा, बिनरेघी कागद घेतला आणि मला जी कागदाची कड वाटली, तिथूनच प्रत्येक ओळ सुरू केली. खरी कड कुठे आहे ते मला दिसत नाही, तुला दिसेल. पट्टी घे आणि या शेवटच्या पानावर डावीकडे किती कागद कोरा सुटलाय ते मोजून मला लिही. शिंपीदादांना मी पाकीट बंद करण्याआधी त्यांची मापाची टेप लावून मोजायला सांगणार आहे, आणि त्यांचा आकडा माझ्यापाशी राहील. हो, अजूनही माझा तुझ्यावर पुरता भरवसा बसलेला नाही. ‘फारसं काही नाही, बाबा’ असं उत्तर आलं, तर ती मागची खोली खुशाल कोणाला तरी देऊन टाक. मी इथेच दारांना खांदे लावत राहीन. पण आकडा जुळला, तर पुढच्या महिन्यात मला न्यायला ये. पलंग मात्र असा लाव की भिंत माझ्या डावीकडे येईल आणि दार उजवीकडे. तू खोलीत आलीस, तर मला दिसायला हवीस.

तुझाच,
बाबा