खिडकीकडे पाठ

तेम्स्का, ६ मार्च १९८५

चि. यास्ना डॉक्टरीणबाईंना, म्हणजे माझ्याच नातीला, आजीकडून पोतंभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन मिल्को फाटकापासूनच ओरडत आला की निशहून डॉक्टरांचं पत्र आहे, म्हणून त्याला बसवून घोटभर कडक राकिया पाजली. ओरडलं की राकिया मिळते हे त्याला कळलंय. परवा विजेचं बिल घेऊन आला तेव्हाही ओरडलाच. दुकानाच्या रांगेत मी सगळ्यांना सांगते की माझी नात मोठ्या सरकारी दवाखान्यात पोरांची डॉक्टर आहे. शेजारची सवेता म्हणाली, अजून शिकतेच आहे ना? मी म्हटलं, शिकतेय तर शिकतेय, पोरं बरी होताहेत ना! तिचा जावई ट्रॅक्टर शिकायला गेला आणि दुसऱ्याचं कुंपण मोडून आला, ते मी कधी काढते का? त्या दिवशी मात्र काढलं.

तू म्हणे उभ्या उभ्या पाव खातेस. बसवाल्या द्रागनकडे मोजे आणि भाजक्या लाल मिरच्यांच्या आय्वारच्या बरण्या दिल्या आहेत. फोटोत गळा उघडा दिसतोय. तुमच्या त्या लांब वॉर्डात प्रोमाया काय सुटत असेल! दार आणि खिडकी एकदम उघडी असली की मधे उभी राहू नकोस. आजोबांची मान त्या आरपारच्या वाऱ्यानेच धरली आणि तशाच मानेने त्यांनी तुझ्या आत्याचं लग्न लावलं. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, हे वाजंत्र्यांकडे.

पण पोरी, ह्या खेपेला पत्रात एकही विनोद नाही. काय झालंय ते लिही.

पायात मोजे, पोटात गरम आणि माझ्यावर लोभ, तिन्ही असू दे.

तुझी आजी ग्रोझदाना

निश, ९ मार्च

ती. आजीस, मोजे घातलेल्या यास्नाचा सा. न. वि. वि.

आय्वार आम्ही शिकाऊ डॉक्टरांनी बरणी पुसून संपवला. सगळ्यांनी तुला मुके पाठवलेत.

झालंय असं. माझ्याकडे वुकाशिन नावाचं चार महिन्यांचं बाळ आहे. न्यूमोनिया बरा झाला, छाती साफ आहे, खरं तर घरी जायचा. पण रोज दुपारी ताप चढतो. सकाळी आई असते तेव्हा काही नाही. घरी मोठी मुलगी आहे म्हणून ती दुपारी जाते आणि त्रेंका नावाची त्याची आजी येते. आल्या आल्या खिडकी बंद, बाळाला दोन स्वेटर, टोपी, वर घोंगडी. मी सगळं काढलं की ताप उतरतो, माझी पाठ वळली की पुन्हा तेच. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझं बरोबरही असेल, पण ताप दुसऱ्या कशानेही येतो, लहान बाळाच्या बाबतीत मी ‘असेल’वर थांबणार नाही. बुधवारी, गुरुवारी ताप आला तर शुक्रवारी पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढून तपासायचं. आणि ते मी करायचं. आजी, एवढीशी पाठ आहे गं ती.

त्रेंकाबाईंना समजवायला गेले, तर भर वॉर्डात त्यांनी विचारलं की पोरी, तू आजवर किती लेकरं वाढवलीस? बाकीच्या आज्या खो खो हसल्या आणि शाबासकी म्हणून त्यांना अक्रोड देऊ लागल्या. त्यांना येऊ नका म्हणावं, तर दुपारी बाळ दुसऱ्या कुणाच्या हातून दूध घेत नाही.

तू त्यांच्याच गोटातली. तुला कसं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

लोभ पोचला, तसाच उलट टपाली पाठवते.

तुझी यास्ना

तेम्स्का, ११ मार्च

चि. यास्नास आजीचे अ. उ. आ.

पत्राचं पहिलं पान वाचून मी सवेताला म्हटलं, बघ, ह्याला म्हणतात आजी! खिडकी लावली, घोंगडी घातली, आणखी काय हवं? मग सुईचं वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. सवेता घाबरून पाणी घेऊन आली.

कसं सांगितलं असतं तर ऐकलं असतं म्हणतेस? कसंही नसतं ऐकलं. तुझा बाप तान्हा असताना सरकारी नर्स सांगून सांगून दमली आणि शेवटी तिनेच थंडी वाजते म्हणून माझी शाल मागून घेतली. तेव्हा तू सांगूच नकोस. मी त्या बाईंना चिठ्ठी लिहिली आहे, ती दे. वाचू नकोस. वाचशीलच. पण शुद्धलेखन दुरुस्त करू नकोस.

लोभाचं पुढच्या खेपेला, द्रागनने भोंगा वाजवला.

आजी

(सोबतची चिठ्ठी)

त्रेंकाबाईंना नमस्कार, नातू शतायुषी होवो.

तुम्ही जिला किती लेकरं वाढवलीस विचारलंत, त्या काटकुळ्या डॉक्टरणीची मी आजी. बरं विचारलंत, मीही विचारलं असतं. प्रोमायाचं तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगत नाही. पण शुक्रवारची सुई घोंगडीने अडायची नाही. म्हणून एक करा. लेकराच्या अंगावरचं लोकरीचं काढा, खिडकी उघडी राहू दे, तुमच्या शाली, घोंगड्या तुम्ही घ्या, आणि खिडकीकडे पाठ करून पाळण्याला खेटून बसा. वारा आलाच तर आधी तुम्हाला लागू दे. घोंगडी ती केवढी, आणि आपल्यासारख्या बाईची पाठ केवढी! दोनच दुपारी. ताप आला, तर आजार खरा, पोरीला तिचं काम करू द्या. नाही आला, तर वारा तुम्ही अडवलात, साऱ्या वॉर्डाला सांगा.

ग्रोझदाना

निश, १७ मार्च

ग्रोझदानाबाईंना त्रेंकाचा नमस्कार. मान वळत नाही, म्हणून सरळ समोर बघून लिहिते आहे.

वुकाशिन घरी आला. सुई नाही टोचली. दोन्ही दुपारी ताप नाही. मोठ्या बाईंनी त्याला उलटा करून, सुलटा करून पाहिलं आणि जा म्हणाल्या. वारा मीच अडवला, हे मी सगळ्यांना सांगितलं आहे.

पण बाई, तुम्ही खिडकीचं लिहिलंत आणि दार विसरलात! प्रोमायाला दोन तोंडं लागतात. बुधवारी मी सगळ्या शाली गुंडाळून बसले, इतक्या की पलीकडच्या आजीने विचारलं, आजारी नातू आहे की तुम्ही? आणि समोर नर्सा ये-जा करताहेत, दार सताड उघडं. लेकरू एका सदऱ्यात. मला राहवेना, मी घोंगडी उचलली. तेवढ्यात तुमची नात कोट घालून घरी निघालेली, तिने पाहिलं. मला वाटलं आता भांडणार. तिने स्टूल ओढलं आणि दाराकडे पाठ करून पाळण्याच्या पलीकडे बसली. मी विचारलं, पटलं का एकदाचं? तर म्हणाली, मुळीच नाही. मग बसलीस का, तर म्हणे तुम्ही मानता म्हणून. तुम्ही घोंगडी खाली ठेवा, मी उठत नाही.

गुरुवारीही तशीच आली. लेकरू आम्हा दोघींच्या मधे उघडे पाय झाडत होतं. ही बसल्या बसल्या झोपली, पण पाठ दारावरून हलू दिली नाही. दार पुन्हा उघडलं. मी अंगावरची एक शाल काढली. लेकराकडे हात गेला नाही बघा, शपथेवर सांगते. तिच्या खांद्यावर टाकली.

तुमच्या नातीवरचा थोडा लोभ इकडेही वळवा.

त्रेंका