देवीदासभाऊच्या अंगातला उजेड

सौंसर,
२९ मार्च १९८६

चि. इंदू, भिवाजीराव आणि पांढुर्ण्याची सर्व मंडळी यांस,

सप्रेम जयभीम. वि. वि. आपल्या घराची जुनी तक्रार तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आईच्या पोटातली गाठ एका भोंदू बाबाच्या राखेखाली झाकली गेली, आणि डॉक्टरला दिसली तेव्हा वेळ निघून गेली होती. म्हणून मुंबईच्या दवाखान्यात नव्या तपासणीसाठी मी आपणहून दंड पुढे केला.

सुईतून एक औषध देतात. चांगल्या मांसातून ते निघून जातं, गाठीत मुरून बसतं. मग नळीतून जांभळा उजेड टाकला की गाठ लाल चमकते. माझ्या श्वासनळीत ज्वारीच्या दाण्याएवढी सापडली. मे महिन्यात ऑपरेशन. पथ्य एकच, महिनाभर ऊन नाही. औषध कातडीतही उरतं, उन्हात अंग भाजतं. भाजलो तर ऑपरेशन लांबेल, आणि गाठ काही माझ्यासाठी थांबणार नाही.

म्हणून खिडकीला गोधडी लावून अढीतल्या आंब्यासारखा पडून आहे. शेजारच्या केसरबाईला दाराआडून हे सारं विज्ञान तासभर समजावलं. तिनं त्यातलं चमकणं तेवढं उचललं. विहिरीवर सांगून राहिली की देवीदासभाऊच्या छातीतून लाल उजेड निघते! आता जामसांवलीच्या मारुतीला जाणारे माझ्या उंबऱ्यावर नारळ ठेवतात. जन्मभर बुवाबाजीला झोडपलं, आणि मीच बुवा? चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत भर दुपारी सदरा काढून उभा राहतो. पाहू दे लोकांना, कुठं आहे उजेड!

तुमचा संतापलेला,
देवीदास

पांढुर्णा,
३ एप्रिल १९८६

ती. दादास,

इंदूचा आदरपूर्वक जयभीम. पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. अहो दादा, उन्हात उभे राहिलात तर खरंच लालभडक व्हाल! लोक म्हणतील, पाहा, निघाला उजेड! रामाकोन्याहून बैलबंड्या भरून येतील, पुष्पावहिनी प्रसाद वाटत बसेल. आणि तुम्ही? आईला राखेनं नेलं, तुम्हांला हट्ट नेईल.

इकडच्या बायकाही विचारून राहिल्या की दादा अंगारा कधी देणार. मी त्यांना ओट्यावर बसवलं. म्हटलं, संत्र्यांच्या ढिगात आतून सडलेलं फळ वरून कळत नाही. तेवढंच एक वेगळ्या रंगात दिसलं तर? तेवढं काढू, ढीग वाचवू. दवाखान्यात हेच करतात. सगळ्यांच्या मागे मनकर्णा होती. सगळ्या उठून गेल्यावर तिनं सांगितलं की छातीतली गाठ ती पदराआड लपवून आहे. उद्या तिला नागपूरला दाखवायला नेते.

नारळांची चटणी करायला सांगा. तुमच्या रागावर माझा जीव आहे, पण तो राग सावलीत ठेवा.

तुमची,
इंदू

सौंसर,
८ एप्रिल १९८६

चि. इंदूस,

सप्रेम जयभीम. तुझ्यावर फार रागावलो, कारण तुझं बरोबर आहे. सदरा अंगातच राहील. तुझ्या पुष्पावहिनीनं गोधडी खिळ्यांनी ठोकली आहे आणि मला सकाळ-संध्याकाळ चटणी चारून राहिली.

भिवाजीरावांचं कार्ड आलं. मनकर्णाला वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. वाचून त्या दिवशीची चटणी तक्रारीविना खाल्ली. घरच्यांना वाटलं, ताप आला. मी तासभर गरजलो तर नारळ आले. तू संत्र्यांची गोष्ट सांगितलीस तर बाई दवाखान्यात गेली.

मंडळाला कळवलं की जयंतीचा वक्ता बदलला. पोरं म्हणाली, इंदूताई तर कधी बोलल्याच नाहीत. मी म्हटलं, घरात मी असताना कोण बोलणार? केसरबाईला पहिल्या रांगेत बसवतो. गाठ लपवणाऱ्या मनकर्णा इथंही असतील, त्यांना माझं भाषण नको.

माया आहेच, ती पत्रात घालून संपणार नाही. रविवारच्या पहिल्या बसनं निघ, आणि सोमवारी माझ्या जागी तू बोल.

तुझा,
दादा