बिनपडद्याची डबी

पूर्णा, रविवार

प्रिय ईश्वरी,

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी फोन केला की तो स्पीकरवर जातो, आणि तुझ्याआधी सासूबाई, दोन्ही नणंदा आणि कुकर बोलायला हजर.

चारठाण्याला अप्पांच्या देवळीत तू ठेवून गेलीस ना ती डबी, पडदा नसलेली, पानाच्या डब्याएवढी? सकाळी अप्पांनी दंडाला पट्टा बांधला की बीपीचा आकडा तुला-मला पाठवणारी? तू बजावलं होतंस, अक्का, तिच्यात जास्तीचं काही भरू नकोस. पण परभणीच्या डॉक्टरांना महिन्याचा आलेख हवा होता, म्हणून मी इथूनच तिच्यात आलेखाचा प्रोग्रॅम टाकायला बसले. तिनं विचारलं, सोबत खिडक्या, चित्रं, अक्षरांचे नमुने, आवाजाची सोय यांचीही शिफारस आहे, आणू का? डबीला पडदा नाही आणि पडद्याचा सगळा संसार दारात! पण आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. वऱ्हाडात कोण कोण आलंय हे आपण विचारत नाही, पानं वाढवतो. मी 'हो' दाबलं. डबीचं मेमरी कार्ड गच्च भरलं आणि दुसऱ्या सकाळी आकडाच आला नाही. अप्पांचा फोन नेहमीसारखा बंद, उशाखाली. जिंतूरच्या बसमध्ये माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. प्रत्येक थांब्याला कंडक्टरला मनात शिव्या दिल्या, एकदा मोठ्यानंही. पोचले तर अप्पा लिंगपूजा आटोपून, कपाळभर विभूती लावून शेंगा फोडायलेत. म्हणाले, "कामून आलीस गं? मेलो का मी?" मला रडू आणि राग एकदमच आला. राग जरा पुढं होता.

मग तिथंच बसून सगळं वऱ्हाड हाकललं. त्याच प्रोग्रॅमची पडदा न मागणारी आवृत्ती असते, नावात 'नॉक्स' असलेली, आणि टाकतानाच 'शिफारशी नकोत' असं सांगताही येतं. मोजकं सामान आलं, गुमान कामाला लागलं. आकडे सुरू झाले, आलेखही निघाला.

तो सरळ निघाला असता तर हे पत्र लिहिलंच नसतं. तो बघून डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या. हृदयाची झडप बदलावी लागेल म्हणतात, आणि थांबू नका म्हणतात. अप्पा हो म्हणायला तयार नाहीत. मला बसपर्यंत सोडायला आले, रस्त्याकडं बघत म्हणाले, "ईशीशी बोलल्याबिगर न्हाई. पण तिला एकटीला बोलव. मागच्या बारीला आली तर सगळा वेळ चहा-पोह्यातच गेला. लेकीचं तोंडबी नीट बघितलं न्हाई." दर खेपेला तू जावईबापू, सासूबाई, पोरं, मिठाईची खोकी घेऊन येतेस. वाईट त्यात कुणीच नाही गं, सगळ्या चांगल्या शिफारशीच. पण अप्पांच्या छातीत आता तेवढी जागा उरलेली नाही. तू ये. एकटीच. घरी सांग, अक्कानं डबी बिघडवून ठेवलीय, दुरुस्त करायला जायलेय. माझी अब्रू गेली तरी चालेल.

रोज सकाळी आकडा येईपर्यंत जीव मुठीत धरणारी,
तुझीच अक्का,
महेश्वरी