चुन्यातली नावं

७ जानेवारी
शिंदाये बेटावर पोचले! उत्तरेचा वारा पाठीशी होता, लामू बंदराहून निघून चार तासांत इथे शीड उतरवलं. आठ वर्षं माझ्या गुरूंच्या, म्वालिमू फुमोंच्या हाताखाली माती चाळली. आज पहिल्यांदा अख्खं उत्खनन माझं. निरोप देताना म्हणाले, "मिझा, हे घर मी तुझ्यासाठीच राखून ठेवलं होतं." धक्क्यावर सगळ्यांसमोर डोळे पुसले मी.

राहायला म्वानाशाबाईंकडे, सगळ्यांच्या बी म्वानाशा. विधवा, तिखट जिभेच्या. माझे हात उलटसुलट करून म्हणाल्या, "हे हात कुदळ धरणार? आधी नारळातला मासा खा पोरी, मग बघू."

११ जानेवारी
घर पाचशे वर्षांपूर्वीचं, प्रवाळाच्या दगडाचं. एकात एक दालनं, भिंतीत ओळीने कोनाडे. कुणा व्यापाऱ्याने तिथे चिनी वाडगे मांडले असणार. आज हिरव्या झिलईचा काठ सापडला. मग मूठभर लाल मणी. कोंबो, आमचा मुकादम, खड्ड्यातून ओरडला, "बाई, तुमच्या पणजीचा हार मिळाला!" सगळे हसत सुटले.

१५ जानेवारी
सर्वांत आतल्या दालनाचं दार चिणलेलं आहे. म्वालिमूंनी ते घराइतकंच जुनं असल्याचं लिहून ठेवलंय, पण चुन्यात सिमेंट आहे! फोनवर विचारलं. हसले. तीस वर्षांपूर्वी आपणच डागडुजी केली होती म्हणाले. दार मात्र मी स्वतःच्या हातांनी उघडावं, मजुरांना शिवू देऊ नये. केवढा हा विश्वास!

१६ जानेवारी, शुक्रवार
उघडलं. आत काही नाही. फक्त गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली गलबतं, आणि खाली अरबी लिपीत सहा नावं. प्रत्येकाचं वळण वेगळं, काळ वेगळा. पाच नावांवर आडवी रेघ. पाचवं फुमो अबूद, म्हणजे म्वालिमूच. सहावं, रेघ नसलेलं, माझं. अक्षर म्वालिमूंचं; 'झे' या अक्षराचा ठिपका ते नेहमी डावीकडे देतात.

गंमत केलीय, असं वाटून मी हसले. बी म्वानाशांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बापाच्या नावासकट लिहिलंय का?"

हो. बापाच्या नावासकट.

१८ जानेवारी
माझ्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये रोज नमाजाची चटई अंथरते. काल ती दुमडावी लागली. आज मावतच नाही. खोली मोजली. आल्या दिवशी सवयीने मोजली तेव्हा दोन मीटर नव्वद. काल चटई दुमडल्यावर दोन चौऱ्याहत्तर. आज दोन चाळीस. मोजणं हा माझा धंदा आहे. माझी फीत चुकत नाही.

२० जानेवारी
बी म्वानाशा आज बोलल्या. ते दार जो उघडतो, भिंत त्याच्या मागे लागते, तो जिथे असेल तिथे. आपल्या नावावर रेघ ओढून दुसऱ्याचं लिहायचं आणि दार पुन्हा चिणायचं, की भिंत आहे तिथे थांबते. त्या माणसाने ते स्वतःच्या हातांनी उघडलं, की पहिला सुटतो. म्वालिमू गेल्या रमझानआधी एकटे आले होते. खिळा आणि चुना घेऊन अर्धा दिवस आत होते.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत. त्या रडायला लागल्या. "मला वाटलं, लिहिलं असेल एखाद्या वैऱ्याचं. तू तर त्याला बाप मानत होतीस गं."

२१ जानेवारी
म्वालिमूंच्या मोंबासाच्या घरी फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. आनंदात होती. अब्बा गेल्या रमझानपासून अंगणात बसून झोपायचे म्हणे. शुक्रवारपासून खोलीत हातपाय पसरून झोपतात! मी म्हटलं, त्यांना दे. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी स्वच्छ —

"कोण मिझा? सांग, ओळखत नाही म्हणून."

आठ वर्षं.

२२ जानेवारी
खिळा घेऊन आत गेले. त्यांचं नाव परत लिहायला गेले, गिलावा भुगा होऊन गळतो. मग दुसरी नावं मनात यायला लागली. किती पटापट आली! धाकटी बहीण. बी म्वानाशा. कोंबोचं पहिलं अक्षर अर्धं कोरलं — तेवढ्यात बाहेरून त्याचीच हाक आली, बाई, कॉफी ओतू का?

नखांनी खरवडून पुसलं. खिळा विहिरीत टाकला. मी म्वालिमू नाही.

२३ जानेवारी
एक मीटर दहा. अंगणात झोपले तरी उठताना कोपर दगडाला घासलं. अंगणात दगड नाही.

२४ जानेवारी, सकाळ
निघाले. बी म्वानाशांनी कवेत घेतलं, सोडेचनात.

दुपार
बोटीत. चारी बाजूंना पाणी. ऊन. इथे भिंत कुठून —

नावाडी म्हणतो, एवढी जागा आहे बाई, अंग चोरून का बसलात? पाय पसरा की.

पसरत नाहीत.

गुडघ्यांना काहीतरी गार लागतंय. ओला चुना. त्याला दिसत नाही. मी ओरडतेय, तो शीळ घालतोय — त्याला सांगायला हवं, ते दार पुन्हा कुणी — कोपर हलत नाही, अक्षर आता —