खाटेचे सांधे

प्रिय विनिता,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज का बसलाय. सर्दी नव्हती गं. सांगायचं होतं ते तोंडून निघेना, म्हणून लिहायला बसले. वाचल्यावर तू माझ्याशी बोलणं ठेवशील की नाही, ठाऊक नाही.

आमच्या ठाण्याच्या घरात ढेकूण झालेत. बाराव्या मजल्यावर. नातीला, सान्वीला, दम लागतो, म्हणून सूनबाईंना, प्राचीला, औषध फवारायचं नाही. मग मीच पदर खोचला. चादरी उकळत्या पाण्यात घातल्या, गाद्यांच्या शिवणी ब्रशनं झाडल्या, उशा काळ्या पिशव्यांत बांधून गच्चीवरच्या उन्हात ठेवल्या. पलंगाच्या सांध्यांत कढत पाणी सोडलं, फटी मेणानं बुजवल्या. एकदा करून भागत नाही. अंडी उरतात, आठवड्यानं पुन्हा तेच. प्राची मैत्रिणींना सांगते, "आमच्या आईंना सगळं नॅचरल येतं." मी चौथी शिकलेली, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत लायब्ररीपर्यंत पोचलेली. तिला वाटतं, हेही कुठल्यातरी पुस्तकातलं.

पुस्तकातलं नाही, आपल्या कोपरच्या चाळीतलं आहे. तुझं लग्न झालं ते वर्ष आठव. रविवारी दुपारी आम्ही दार लावून घ्यायचो आणि तू खिडकीखालून ओरडायचीस, "हौसे, भर दुपारी गं? रतनभावजींना जरा झोपू दे." गॅलरीभर हशा पिकायचा. बाहेर आल्यावर मी लाजल्यासारखं करायची. आत काय चालायचं सांगू? यांनी शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडून आणलेली खाट आम्ही उलटी करायचो. हे धरायचे आणि मी सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. रॉकेल घातलं असतं तर वास चाळभर गेला असता. पाण्याला वास नसतो. एकदा यांच्या पायावरच सांडलं. ओरडायची सोय नाही, म्हणून उशी तोंडात धरून बसले, आणि मग आम्ही दोघं आवाज न करता पोट दुखेपर्यंत हसलो. हे जाऊन चार वर्षं झाली. अजूनही वाफ तोंडावर आली की वाटतं, पलीकडून कुणीतरी खाट धरलीय.

गेल्या सोमवारी प्राची म्हणाली, हे ढेकूण भीमाबाईच्या पिशवीतून आले, उद्यापासून तिला नको सांगते. भीमा आमच्याकडे सहा वर्षं भांडी घासते. ओल्या हातांनी ओट्याशी उभी होती. म्हणाली, "ताई, माझ्या घरात एक ढेकूण दाखवा, मी आपण होऊन जाते." प्राचीनं मान फिरवली. मी गप्पच राहिले असते. पण तिचे ते हात बघवेनात. म्हटलं, "मी गावाहून सतरंजी आणली, तिच्यातून आलेत. तुला दिसायच्या दोन दिवस आधीच मला दिसले होते." खरंच दिसले होते. लाजेनं बोलले नव्हते. प्राची संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. भीमाचं काम मात्र राहिलं.

विनिता, तुझ्या आईनं घरचा कापूस साठवून भरवलेली, आंदणात दिलेली ती गादी आठव. तुझ्या सासूबाईंनी "माहेरचे ढेकूण" म्हणून ती चाळीमागे नेऊन जाळली, तेव्हा मी तुझ्या शेजारी, तुझा दंड धरून उभी होते. गादीत काही नव्हतं. ढेकूण आमच्या खाटेतून, मधल्या भिंतीच्या फटीतून तुमच्याकडे गेले. हे म्हणाले होते, जाऊन सांगून येतो. मी यांना माझी शपथ घातली. नव्या बिऱ्हाडाला चाळीत नावं ठेवतील, एवढीच भीती होती. पुढं दर वर्षी ठरवलं आणि दर वर्षी राहिलं. हे गेले तेव्हा तू विठ्ठलवाडीचं घर टाकून तेरा दिवस माझ्याजवळ झोपलीस. तेव्हा तर मला तू हवीच होतीस, म्हणून बोलले नाही. गेल्या वर्षी तुझ्या नातवाच्या बारशात तुझ्या नवऱ्यानं, दगडूभावजींनी, पुन्हा तुला सगळ्यांसमोर "ढेकणांचं आंदण घेऊन आलेली" म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. माफी फोनवर मागितली असती, तर तू "जाऊ दे गं" म्हणून मोकळी झाली असतीस आणि गोष्ट आपल्या दोघींतच राहिली असती. म्हणून हे माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं दिलंय. दगडूभावजींना दे. मुलं, सुना, सगळ्यांना बसवून त्यांनाच मोठ्यानं वाचायला लाव.

तुझीच,
हौसा