नऊ, नऊ, बारा

२ मार्च

तीर्थरूप दादांस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. नेहमीप्रमाणे वस्तूचे नाव न लिहिता केवळ माप कळविले आहे: लांबी नऊ इंच, रुंदी नऊ, उंची बारा. चाळीस वर्षे आपण देशोदेशींहून मापे पाठविता आणि वस्तू येऊन पोहोचण्यापूर्वी मी त्या मापाचा लाकडी खण तयार ठेवतो. मुखवटे, शंख, काचेची घंटा, सर्व नीट बसले. तांब्याचा घडा तेवढा अडला, कारण कान मोजण्यास आपण विसरला होता. मी चौथीपर्यंतच शिकलो, तथापि चूक माझी नव्हती.

आपण लेखक, म्हणून आपले घर पाहण्यास शाळांच्या सहली येतात. खण कोणी केले, हे कोणी विचारीत नाही. मीही सांगत नाही. मात्र एखादी वस्तू माझ्यासाठीही आणावी. लेकीकडील औषधोपचार आटोपून लवकर यावे.

कृपा आहे तशीच राहावी.
आपला आज्ञाधारक भाऊ

१९ मार्च

चि. सुतारमहाराजांस,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं झाली, त्या कानांचे टोमणे काही संपत नाहीत! या वेळी वस्तूला कानच नाहीत. दोनदा मोजलीय. आणि ही तुझ्यासाठीच आहे. दिवाणखान्यात मांडू नकोस. तुझ्या कामाच्या खोलीत, रंधा ठेवतोस त्या फळीच्या वर खण कर. दार लावू नकोस. उन्हाळ्यात येतोच. सामान फारसं नाही.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझा दादा

७ जून

चि. पुतणीस,
काकांचे अ. उ. आ.

दादा गेल्याचे तुझे पत्र मागेच मिळाले. खोके काल पोहोचले. अस्थींचे भांडे त्यांनी फेब्रुवारीतच दुकानात जाऊन स्वतः निवडले व पट्टी मागवून मोजले, असे तू लिहितेस. खरे असणार. माप अचूक आहे.

मी फुलदाणी समजलो होतो. आत उजेड पडावा म्हणून मागची फळी पांढरी रंगविली.

घराची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचे चिटणीस भांडे दिवाणखान्यात, नावाच्या पाटीसह ठेवावे म्हणाले. या घरातील ही एक वस्तू माझी आहे, असे मी त्यांस सांगितले. आवाज चढला, याचे वाईट वाटते.

चारही बाजूंना सूतभर जागा सुटली आहे. वस्तू पुन्हा काढता यावी म्हणून मी ती नेहमीच सोडतो. दार लावलेले नाही.

वस्तू खणात बसली की दादांस तसे लिहून कळविण्याचा माझा परिपाठ. आज कागद घेतला, तीर्थरूप इतके लिहिले आणि थांबलो. म्हणून तुला कळवितो: बसली.

लोभ तुटू देऊ नये.
तुझा काका